मंडळीचें गाणें आणि त्याचा पुढारी

मराठी काव्याच्या इतिहासांत ख्रिस्ती पद्यरचनेला जी जागा मिळते ती बहुधा दोन नांवांपुरती असते. पहिलें नांव फादर थॉमस स्टीफन्स यांचें व दुसरें रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें. स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'ची भाषा अभ्यासकांनीं मनसोक्त वाखाणली आहे. टिळकांना तर शाळेंतील मुलेंसुद्धां फुलांमुलांचे कवि म्हणून ओळखतात. परंतु या दोघांच्या रचनेचा मोठा भाग ज्या कामाकरितां जन्मास आला, त्या कामाचा विचार आमच्या टीकाकारांनीं क्वचितच केला आहे. हें काव्य एकांतांत वाचण्यासाठीं लिहिलेलें नाहीं. शेंदोनशें माणसांनीं, त्यांत निरक्षर म्हाताऱ्या, लहान मुलें, बेसूर गळ्याचे गृहस्थ असे सर्व आले, एका वेळीं ऐकावें किंवा म्हणावें यासाठीं तें लिहिलें आहे. तेव्हां त्याचे गुणदोष ठरवितांना कागदावरील ओळींइतकाच त्या ओळी कोणीं उचलल्या, कोणत्या पट्टींत उचलल्या आणि मागून किती जण आले, याचाही हिशेब घेतला पाहिजे. नाटकाची परीक्षा नुसत्या संहितेवरून पुरी होत नाहीं हें सर्वांस मान्य आहे. उपासनागीतालाही तोच न्याय लावावा एवढेंच आमचें म्हणणें.

ख्रिस्ती परिभाषेंत एका ठिकाणीं उपासनेस जमणाऱ्या समुदायास 'मंडळी' म्हणतात. या मंडळीचें गाणें चालविणारा जो कोणी असतो, मग तो पेटी वाजविणारा असो, गायनमंडळाचा प्रमुख असो, कीं अलीकडे ज्यास 'वर्शिप लीडर' असें इंग्रजी नांव पडलें आहे तो तरुण असो, त्याच्याविषयीं आज शहरांतील मंडळ्यांत बरीच कुरबूर ऐकूं येते. वडीलधाऱ्यांची तक्रार अशी कीं, गिटार आणि ड्रम यांच्या गजरांत उपासनेचें गांभीर्य गेलें. तरुणांची तक्रार अशी कीं, जुन्या पुस्तकांतील भाषा त्यांस कळत नाहीं आणि चाली रेंगाळतात. तिसरा एक पक्ष आहे. त्याच्या मतें विलायती चाली टाकून टाळमृदंग हातीं घेतले म्हणजे प्रश्न सुटला. तिन्ही पक्षांत कांहीं तथ्य आहे. तथापि हे तिघेही चालीविषयीं आणि वाद्यांविषयीं बोलतात. मंडळीच्या तोंडाविषयीं कोणी बोलत नाहीं. गाणें संपलें तेव्हां मंडळी गाइली होती कीं तिनें नुसतें ऐकलें होतें, हा आमच्या मतें पहिला प्रश्न आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत तर त्याचें महत्त्व फारच आहे. तेथें शास्त्रवाचन बहुधा पाळक करतो, प्रार्थना पाळक करतो, उपदेश तर पाळकच करतो. सामान्य माणसाला स्वतःच्या गळ्यांतून जें कांहीं देवापुढें ठेवतां येतें तें बहुतेक गाण्यांतच. तेंही त्याच्याकडून गेलें, तर तो आठवड्यांतून एकदां तेथें येऊन करतो काय?

हा वाद आजचा नाहीं. जुन्या करारांतील १५० स्तोत्रांपैकीं ५५ स्तोत्रांच्या माथ्यावर गवयांच्या प्रमुखाचा निर्देश आहे. म्हणजे स्तोत्रें जितकीं जुनीं तितकाच त्यांचा पुढारीही जुना. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत ऑगस्टिन यांनीं आपल्या आत्मचरित्रांत याविषयींची आपली घालमेल मोठ्या प्रामाणिकपणें मांडली आहे. गाण्यांतील आशयापेक्षां गाणेंच आपल्याला अधिक हलवून गेलें कीं आपल्या हातून पाप घडलें असें त्यांस वाटे. आणि अशा वेळीं तो गाणारा आपल्या कानीं पडला नसता तर बरें, असेंही वाटे. अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस स्तोत्र म्हणणाऱ्यास स्वर इतका थोडा हलवूं देत कीं तें गाण्यापेक्षां बोलण्याच्याच जवळ जाई, ही हकीकत ते सांगतात व तिच्याकडे ओढले जातात. पण श्रद्धेच्या पहिल्या दिवसांत त्याच गाण्यानें आपल्या डोळ्यांत पाणी आणलें होतें हेंही त्यांस आठवतें, आणि अखेर ते गाण्याच्या बाजूनें कौल देतात. हा कौल डळमळता आहे व तो तसाच असावा. उपासनेंत गाणें चालविणाऱ्या ज्या मनुष्यास ही शंका आयुष्यांत एकदांही शिवली नाहीं त्याच्या हातीं मंडळी देऊं नये.

सोळाव्या शतकांतील धर्मसुधारकांनीं या शंकेचीं तीन निरनिराळीं उत्तरें दिलीं. झुरिकचे झ्विंग्ली स्वतः अनेक वाद्यें वाजविणारे, तरी १५२५ सालीं त्यांनीं उपासनेंतून गायन काढून टाकलें व १५२७ सालीं तेथील मुख्य देवळाचा ऑर्गन फोडण्यांत आला; झुरिकच्या मंडळीस पुन्हा गाऊं लागण्यास १५९८ साल उजाडावें लागलें. कॅल्व्हिन यांनीं फक्त स्तोत्रें, तींही वाद्यांवांचून, सर्वांनीं एका स्वरांत म्हणावीं अशी मर्यादा घातली. १५६२ सालीं जिनीव्हाची स्तोत्रसंहिता पुरी झाली. ल्यूथर यांनीं मात्र १५२४ पासून लोकभाषेंतील गीतांचीं पुस्तकेंच लोकांच्या हातीं दिलीं. पण ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांच्या हातीं पुस्तक देऊन काय उपयोग? त्याचा तोडगा १६४५ सालच्या वेस्टमिन्स्टरच्या उपासनानियमांत सांपडतो. जेथें पुष्कळांस वाचतां येत नाहीं तेथें पाळकानें किंवा दुसऱ्या योग्य माणसानें एकेक ओळ आधीं म्हणावी व मग मंडळीनें ती गावी, असें तेथें सांगितलें आहे. स्कॉटलंडच्या वायव्येकडील लुइस बेटांत गेलिक भाषेंतील स्तोत्रें आजही या रीतीनें गाइलीं जातात. एक जण ओळ टाकतो आणि सारी मंडळी ती आपापल्या मुरक्यांसह, कोणी पुढें कोणी मागें, उचलून धरते. आमच्याकडील भजनाची ज्याला ओळख आहे त्याला तें ऐकतांना परकें वाटणार नाहीं. मेथॉडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनीं १७६१ सालीं गाणाऱ्यांसाठीं जे नियम छापले त्यांतही हाच रोख आहे: सर्वांनीं गावें, जोरानें गावें, परंतु आपलाच आवाज इतरांच्यावर ऐकूं यावा म्हणून ओरडूं नये, आणि तालाच्या पुढें धांवूं नये कीं मागें रेंगाळूं नये. त्यांतला मधला नियम आजच्या ध्वनिवर्धकासमोर उभ्या राहणाऱ्या गायकानें रोज एकदां वाचावा.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. स्टीफन्स यांचें 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं राशोल येथें प्रथम छापलें गेलें. जुन्या पुराणांना मुकलेल्या नवख्रिस्ती लोकांस त्यांच्याच ओवींत दुसरें पुराण द्यावें हा त्याचा हेतु. तें वाचणारा एक व ऐकणारे अनेक, अशी त्याची मांडणी. तेव्हां त्यास मंडळीचें गाणें म्हणतां येणार नाहीं. तें मंडळीचें श्रवण आहे, आणि त्या जातीचें श्रवण मराठी माणसाच्या हाडींमाशीं खिळलेलें आहे. १६८४ सालच्या पोर्तुगीज फर्मानानें गोव्यांतील लोकभाषेवर गदा आली, तरी मंगळुराकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत हें पुराण पुढें दीर्घकाळ वाचलें-गाइलें जात राहिलें. गोव्यांत मात्र दुसरीच परंपरा वाढली. तेथील देवळाला जोडलेल्या शाळांत गायनशिक्षक, ज्यास पोर्तुगीज भाषेंत 'मेस्त्र' म्हणत, मुलांना स्वरलिपि वाचण्यास व व्हायोलिन वाजविण्यास शिकवी. या शिक्षणाचें फळ एवढें मोठें कीं पुढें मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद बऱ्याच अंशीं गोव्याच्या या पोरांनींच उभे केले. गायनमंडळ बसे तें देवळाच्या प्रवेशद्वारावरच्या माडीवर, लोकांच्या पाठीमागें. गाणारे दिसत नसत, नुसता स्वर वरून उतरे. शिस्त, सुरेलपणा, परंपरा हे सर्व गुण त्यांत होते. पण लॅटिन शब्दांचें तें गाणें खालीं बसलेल्या शेतकऱ्यानें म्हणावें अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. ४ डिसेंबर १९६३ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेविषयींची घटना मंजूर केली. तींत लोकभाषेला वाव मिळाला, लोकांच्या प्रत्यक्ष सहभागावर भर आला आणि ज्या त्या देशाच्या संगीतपरंपरेस मान देण्यास सांगितलें गेलें. वसईच्या कॅथलिक समाजांत मराठी गीतें मोकळेपणानें नांदूं लागलीं तीं त्यानंतर. तेव्हां मंडळीचें गाणें म्हणून आम्ही ज्याचा विचार करीत आहों तें आमच्याकडे प्रॉटेस्टंटांनीं आधीं व कॅथलिकांनीं मागून हातीं घेतलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

अमेरिकन मिशनचे लोक मुंबईस १८१३ सालीं व अहमदनगरास (ज्याचें नांव २०२४ पासून अहिल्यानगर झालें आहे) १८३१ सालीं आले. येतांना त्यांनीं आपल्या देशांतील गीतांच्या चाली बरोबर आणल्या. हेन्री बॅलंटाइन यांच्यासारख्या मिशनऱ्यांनीं पुष्कळ गीतें त्या चालींवर मराठींत उतरविलीं. या भाषांतरांची थट्टा करणें सोपें आहे व ती पुष्कळांनीं केली आहे. 'परकी चाल, परका भाव' एवढें म्हटलें कीं टीकाकाराचें काम भागतें. आम्हांस हें पुरेसें वाटत नाहीं. तीं भाषांतरें कोठें अडखळतात व कां अडखळतात हें पाहिलें, तर दोष परकेपणाचा नसून व्याकरणाचा आहे असें दिसून येईल.

इंग्रजींत संबंध दाखविणारे शब्द नामाच्या आधीं येतात. आपण ज्यांस 'चा', 'ला', 'नें', 'मध्यें' म्हणतों त्या अर्थाचे इंग्रजी शब्द लहान व हलके असून ते पुढें येणाऱ्या भारी शब्दाकडे धांवत असतात. म्हणून इंग्रजी गीताची ओळ पुष्कळदां हलक्या अक्षरानें उघडते व भारी अक्षरावर मिटते. ज्यास ते लोक 'कॉमन मीटर' म्हणतात त्या आठ-सहा-आठ-सहा अक्षरांच्या छंदाच्या चाली याच तोलावर रचलेल्या आहेत: पहिला स्वर उंबरठ्यावर, आघात दुसऱ्यावर, आणि ओळीचा शेवटचा स्वर ठाम व लांब. मराठीचा संसार याच्या उलट. येथें नाम आधीं येतें आणि प्रत्यय त्याच्या शेपटास लागतो. मग त्या चालींत मराठी ओळ बसविली कीं काय होतें? 'देवा' म्हणतांना 'दे' निसटून जातो आणि 'वा' ठांसला जातो. आणि ओळीच्या अखेरीस, जेथें मूळ गीतांत कृपा, प्रीति, मरण असा एखादा अर्थानें भरलेला शब्द लांबत असतो, तेथें सारी मंडळी मोठ्या भक्तिभावानें 'ला' किंवा 'च्या' लांबवीत बसते. ऐकणारा हंसतो; त्याला हंसूं कां आलें हें त्याला सांगतां येत नाहीं, म्हणून तो 'परकेपणा'वर खापर फोडतो. याची उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. ज्या विलायती चाली पहिल्याच अक्षरावर आघात घेतात त्या मराठींत सुखानें नांदतात. पादाकुलकासारख्या आठ-आठ मात्रांच्या आपल्या जातींशीं त्यांचें सहज जमतें, आणि पिढ्यान्‌पिढ्या म्हटल्यामुळें त्या विलायती आहेत हेंच गाणारा विसरून गेला आहे. खेड्यांतील ज्या आजीबाईनें अशी चाल आपल्या आईच्या तोंडून उचलली व नातवाला झोपवितांना म्हटली, तिला 'ही तुझी नव्हे' असें सांगण्याचा अधिकार देशीपणाच्या अभिमान्यांस कोणीं दिला?

देशी चालींचा प्रयत्न टिळकांच्या आधींच सुरू झाला होता. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या रचनाकारांनीं पद्यें रचलीं व ख्रिस्ती कीर्तनेंही केलीं. पण भाषांतरित गीतांशेजारीं मंडळीनें आपलें म्हणून जें गाणें कवटाळलें तें टिळकांचें. टिळक जन्मले १८६१ सालीं, त्यांनीं बाप्तिस्मा घेतला १८९५ सालीं व ते निवर्तले १९१९ सालीं. म्हणजे ख्रिस्ती गीतकार म्हणून त्यांस मिळालीं अवघीं चोवीस वर्षें. त्यांत या मनुष्यानें एवढें लिहून ठेवलें कीं 'उपासना संगीत' या पुस्तकांतून त्यांचीं गीतें वगळलीं तर पुस्तकाचा कणाच जाईल. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों असें ते म्हणत. त्या पुलाची स्तुति सर्वांनीं केली. परंतु तो पूल बांधला आहे कशाचा हें पाहण्याची तसदी फार थोड्यांनीं घेतली. आमच्या मतें तो छंदाचा आहे.

अभंगाची रचना पाहा. मोठ्या अभंगांत सहा-सहा-सहा-चार अशीं अक्षरें, दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचें यमक; लहान अभंगांत आठ-आठ. ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाहीं, कारण गातांना प्रत्येक अक्षर दीर्घच उच्चारावयाचें. त्यामुळें एकाच अभंगास दहा चाली लागतात व एकच चाल शेंकडों अभंगांस लागते. ज्यास एक चाल येते त्यास सर्व गाथा गातां येते! शिवाय चौथा चरण आंखूड, तेथें श्वासाला जागा आहे. आणि त्या जागेंत मागचे टाळकरी शिरतात. यमक तिसऱ्या चरणांत पडल्यामुळें ओळ कोठें वळणार हें निरक्षराच्या कानालाही आधींच कळतें. म्हणजे वेस्टमिन्स्टरच्या मंडळीस जें काम एका माणसाकडून ओळ वाचून घेऊन करावें लागलें, तें येथें छंद स्वतःच करतो. टिळकांनीं हा छंद घेतला तेव्हां त्यांनीं तुकारामाचा भाव उसना घेतला असें म्हणण्यापेक्षां, न शिकलेल्या मंडळीला गावयास लावण्याचें एक तयार यंत्र उचललें असें म्हणणें अधिक खरें. अहमदनगर जिल्ह्यांतील ख्रिस्ती मंडळ्या बहुतांशीं महार व मांग समाजांतून आलेल्या होत्या. त्यांत मांगांकडे वाजंत्रीची परंपरा पिढीजात, म्हणजे ताल त्यांच्या बोटांत होता. लिहितांवाचतां न येणारी ही मंडळी चित्पावन पंडिताची रचना तोंडपाठ म्हणूं लागली, ही मराठी काव्याच्या इतिहासांतील लहान गोष्ट नव्हे.

टिळकांच्या एका अभंगाचा प्रवास तर मोठा मौजेचा आहे. निकोल मॅकनिकल यांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर केलें; तें पाश्चात्य गीतसंग्रहांत गेलें, आणि तेथें तें चक्क आठ-सहा-आठ-सहाच्या कॉमन मीटरमध्यें गाइलें जातें. आम्हीं त्यांच्या गीतांना प्रत्ययांवर हेलकावे दिले. त्यांनीं आमच्या अभंगाला उंबरठ्यावरचा स्वर चिकटविला. फिटंफाट झाली असें समजावें.

पण टिळकांचें सर्वच गाणें मंडळीचें आहे असें मात्र नाहीं. अभंग आणि साध्या ओव्या सोडल्या, तर त्यांची पुष्कळ पदें एका गळ्याचीं आहेत. संस्कृत समास लांब, धृपद वळणावळणाचें, अंतऱ्याची उडी उंच. अशीं पदें पुढाऱ्यानें एकट्यानें म्हणावीं व मंडळीनें धृपदापुरतें पाठीमागें यावें, हीच त्यांची सोय. उत्साही गायक तीं सर्वांकडून म्हणवून घेऊं पाहतो तेव्हां मंडळीची फरफट होते; आणि दोन कडव्यांनंतर मागील बांकांवर शांतता पसरते. या शांततेस कांहीं लोक भक्तीची तल्लीनता समजतात. टिळकांच्या अनुकरणकर्त्यांनीं उचलले तेही नेमके हे समास. त्यांचा छंदाचा विवेक त्यांच्या हातीं लागला नाहीं.

चालीसंबंधीं आणखी एक गोष्ट आहे व तीच आम्हांस सर्वांत चिंतेची वाटते. विलायती चाल स्वरलिपींत लिहिलेली असते. गांवांत ती कोणास येत नसली तरी पुस्तकांतून ती पुन्हा उभी करतां येते. देशी चाल बहुधा कंठांतच असते. त्या काळच्या मराठी पद्यांच्या माथ्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्या एखाद्या पदाचा आरंभ दिलेला असे, आणि तें पद नाटकांतलें किंवा कीर्तनांतलें, त्या पिढीस तोंडपाठ असलेलें. तें मूळ पद लोक विसरले कीं हा निर्देश मुका होतो. मग चालीचें अस्तित्व एका माणसावर टिकून राहतें: जो दर रविवारीं ती उचलतो त्याच्यावर. तो पुस्तकाचा वाचक नसतो, तोच पुस्तक असतो. असा एक म्हातारा पुढारी गेला म्हणजे त्याच्याबरोबर गीतेंही जातात. छापील पानावर तीं दिसत राहतात एवढेंच.

पुढाऱ्यानें काय करावें याविषयीं भक्तिपर उपदेश पुष्कळ झाला आहे. आम्ही दोन रोकड्या गोष्टींकडेच लक्ष वेधूं इच्छितों. पहिली गोष्ट पट्टी. पेटी आली, आणि जो पेटीवर बसेल तो मंडळीचा धनी झाला. तो आपल्या गळ्याच्या सोयीची पट्टी धरतो. गळा चांगला असेल तर नाटकांतील नटासारखी उंच धरतो. पुरुषांचे आवाज वर पोंचत नाहींत, ते एक सप्तक खालीं उतरून पुटपुटतात. बायका वर ताणतात व दुसऱ्या कडव्यास थकतात. पट्टी दोन स्वर उतरविली तर गायकाचा आवाज कमी खुलेल, परंतु मंडळीचा उघडेल. हा त्याग लहानसा आहे. तो करणारे थोडे आढळतात. दुसरी गोष्ट उभें राहण्याची जागा. दिंडींत विणेकरी टाळकऱ्यांच्या मेळ्यांतच असतो. दोन्ही बाजूंचे टाळकरी एकमेकांस पाहतात. गोव्याच्या देवळांत गाणारे पाठीमागें माडीवर. आजचा पुढारी समोर, उंच चौथऱ्यावर, प्रकाशांत. मनुष्य जेथें पाहतो तेथें तो प्रेक्षक होतो. त्यांत त्याचा अपराध नाहीं.

येथें आम्ही नव्या पद्धतीवर नुसता हल्ला करीत आहों असा समज होऊं नये. तरुणांनीं आणलेल्या गीतांची भाषा सोपी आहे. मुंबई-पुण्याकडे त्यांत हिंदी गीतांचाही भरणा असतो, आणि तीं म्हणणारीं मुलें खरोखर मनापासून म्हणतात. एकच ओळ पुनः पुनः म्हटली जाते म्हणून वडीलधारे नाक मुरडतात. पण ज्यांच्या पूर्वजांनीं एकाच नामाच्या गजरावर रात्री जागविल्या त्यांनीं पुनरुक्तीस नांव ठेवावें हें विलक्षण आहे. आमचा आक्षेप निराळा आहे. भजनांत पुनरुक्ति होते तेव्हां पुढारी मागें सरतो व समुदाय वर येतो; शेवटीं शेवटीं तर मूळ आवाज कोणता तें ओळखूं येत नाहीं. ध्वनिवर्धकासमोरच्या पुनरुक्तींत नेमकें याच्या उलट घडतें. वाद्यें चढतात, पुढाऱ्याचा आवाज चढतो आणि मंडळीला आपला स्वतःचा आवाज ऐकूं येईनासा होतो. शेजारच्याचा आवाज ऐकूं येत नसला म्हणजे सामान्य माणूस गात नाहीं. त्याला आधार लागतो, आणि तो आधार शेजाऱ्याच्या गळ्याचा असतो, यंत्राचा नसतो. पडद्यावर शब्द येतात खरे, पण शब्द म्हणजे चाल नव्हे. दर आठवड्यास नवें गीत आलें, तर मंडळी तें शिकण्यापूर्वींच तें जुनें होऊन गेलेलें असतें. टिळकांचीं गीतें लोकांस तोंडपाठ झालीं तीं तींच तीं वर्षानुवर्षें म्हटल्यानें.

जुन्या पक्षानेंही स्वतःकडे पाहावें. ज्या मंडळ्यांत ड्रम नाहीं, पडदा नाहीं, तेथें सर्व कांहीं ठीक चाललें आहे असें कोण म्हणेल? तेथें सात कडव्यांचें गीत पेटीच्या सुरावर इतकें संथ ओढलें जातें कीं अभंगाचा आंखूड चरणसुद्धां लांबतो आणि श्वासाची जागाच नाहींशी होते. छंदानें दिलेली सोय आपल्या हातानें मोडून मग तरुण पळतात म्हणून हळहळणें व्यर्थ आहे. अभंग द्रुत होऊं शकतो, तो चढत जाऊं शकतो, त्यावर पाऊलही पडूं शकतें. आषाढांत पंढरीच्या वाटेवर हें कोणीही पाहूं शकेल. ख्रिस्ती मंडळ्यांनीं अभंगाचीं अक्षरें घेतलीं, पण त्याची गति पुष्कळ ठिकाणीं दाराबाहेरच राहिली. ढोलकी-तुणतुण्याचा जत्रेशीं व तमाशाशीं असलेला संबंध कित्येकांस खुपत असेल. पण संबंधच पाहावयाचा, तर गिटारीचा संबंध तरी कोणत्या मठाशीं आहे?

'उपासना संगीत' पुढें जेव्हां केव्हां नव्यानें छापलें जाईल तेव्हां संपादकांनीं गीतांची निवड व शुद्धलेखन यांवर जेवढा वेळ खर्च करावयाचा त्याच्या निम्मा तरी चालींवर करावा. प्रत्येक देशी गीताखालीं ताल, पहिल्या ओळीचे स्वर आणि सर्वसाधारण मंडळीस झेपेल अशी पट्टी एवढें छापलें तरी पुरे. भातखंडे यांच्या स्वरलिपीनें हें काम साध्या खिळ्यांनींही होण्याजोगें आहे. मुक्या झालेल्या चालींकरितां मात्र खेड्यांकडेच जावें लागेल. ज्यांच्या तोंडीं त्या आहेत ते स्त्रीपुरुष आज बहुतेक सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांच्यापुढें ध्वनिमुद्रणाचें यंत्र ठेवतांना त्यांना एकट्यानें गावयास सांगूं नये. शेजारच्या दोघींना बरोबर बसवावें, म्हणजे आठवत नसलेली ओळ त्यांच्यापैकीं कोणाला तरी आठवेल.